बस-ट्रेनमधल्या अनोळखी सहप्रवाशांसाठी खेळ करायचाय, मदत हवी

खिडकीपाशी

नमस्कार मंडळी. रोज पाऊण तास जायला, पाऊण तास यायला. तीच बस, तीच वेळ, बरेचसे तेच चेहरे. एखादा चेहरा आठवडाभर दिसला नाही तर मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. पण त्या माणसाचं नावही माहीत नसतं आणि परत दिसल्यावर साधं "बरे आहात ना?" विचारायचीही सोय नसते.

आम्ही चौघे मित्रमैत्रिणी यावर काहीतरी करू बघतोय. एक जण प्रोग्रॅमर, एक चित्रं काढणारी, एक जण वस्तूंचं डिझाइन करणारा आणि मी खेळाचे नियम लिहिणारी. बसमधल्या लोकांसाठी खेळ बनवायचा आहे. वेळ घालवायला फोनवर हजार खेळ आहेत, तसा आणखी एक नकोय. आजूबाजूच्या माणसांसोबत असल्याची जाणीव होईल असं काहीतरी हवंय.

पहिला प्रयत्न सांगते. सीटच्या पाठीवर कोड चिकटवले. स्कॅन केला की कोड्याचा अर्धा भाग तुमच्या फोनवर येणार, उरलेला अर्धा त्याच बसमधल्या दुसऱ्या कुणाच्या तरी. दोघांनी एकमेकांना शोधायचं. लोकांनी स्कॅन बरेच केले, पण कोडं एकाही जोडीने सोडवलं नाही. एका माणसाला मी जवळून बघत होते. त्याने कोडं वाचलं, हसला, दुसरा अर्धा कुणाकडे असेल म्हणून मान वळवली. मागून दुसऱ्या सीटवर एक मुलगी तीच स्क्रीन उघडून बसली होती. दोघांची नजरानजर झाली, त्याने फोन खिशात टाकला आणि बाहेर बघायला लागला. तिनेही तेच केलं.

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न आहे: लोकांना बोलायचंच नसतं, की आम्ही चुकीच्या पद्धतीने बोलायला लावत होतो? तुम्ही प्रवासात कोणता खेळ खेळाल, आणि कोणता अजिबात खेळणार नाही? मोकळेपणाने लिहा.

रुळावरचा

मी रात्रपाळी करून सकाळच्या ट्रेनने घरी जातो. माझ्यासाठी तो डबा म्हणजे झोपायची खोली आहे. खेळ जरूर करा, पण झोपलेल्याला उठवायचं नाही हा पहिला नियम लिहा.

अक्षरवेल

छान धागा! लोकांना बोलायचंच नसतं, असं मात्र नाही. निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, शिकागोच्या ट्रेन आणि बसच्या प्रवाशांवरचा. काहींना सांगितलं की आज अनोळखी माणसाशी गप्पा मारा, काहींना गप्प बसा, काहींना नेहमीसारखा प्रवास करा. आणखी काही जणांना फक्त अंदाज विचारला, तुम्हाला यातलं काय जास्त आवडेल? अंदाज सांगणाऱ्यांना वाटत होतं की गप्प बसणंच बरं. प्रत्यक्षात ज्यांनी गप्पा मारल्या त्यांचाच प्रवास जास्त छान गेला.

कारण फार साधं निघालं. प्रत्येकाला वाटतं, मला एक वेळ चालेल, पण समोरच्याला नाही आवडणार. म्हणजे दोन्ही बाजूंनी दार नुसतं लोटलेलं आहे आणि दोघांनाही वाटतंय की पलीकडून कडी आहे. ताई, तुमचा तो माणूस आणि ती मुलगी अगदी हेच करत होते. त्यांना निमित्त कमी पडलं. खेळ हे निमित्त होऊ शकतो.

शेवटचा_डबा

अक्षरवेल, अभ्यास माहीत आहे आणि निष्कर्ष खोटा नाही. पण त्या मुलीच्या जागी मी असते तर मीही फोन बंद केला असता, आणि ते निमित्त कमी पडलं म्हणून नव्हे. मागे वळून बघणारा माणूस खेळतोय की खेळाच्या नावाखाली ओळख काढतोय, हे मला दोन सेकंदांत ठरवायचं असतं. चुकले तर तोच माणूस उद्याही त्याच बसमध्ये असणार, माझा स्टॉप त्याला कळलेला असणार. पार्टीत नको असलेल्या माणसापासून उठून जाता येतं, चालत्या बसमधून नाही.

२०१६ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत कुणीतरी "गप्पा मारूया का?" अशा अर्थाचे बिल्ले वाटले होते. प्रवासी इतके वैतागले की त्याविरुद्ध "माझ्याशी बोलण्याचा विचारही करू नका" असे बिल्ले निघाले. लोक यावर हसले, पण मला ते दुसरे बिल्ले पूर्ण समजतात.

माझ्या अटी लिहून ठेवा. नाव नको, फोटो नको, मी कुठे बसलेय ते दुसऱ्याला दिसायला नको, कुठे उतरते ते तर नकोच. आणि मी खेळत नाहीये हेसुद्धा कुणाला कळता कामा नये. न खेळणाऱ्याकडे लोक बघायला लागले की तो खेळ राहत नाही.

मधली_सुट्टी

शेवटचा_डबा यांना जोरदार अनुमोदन. शेवटचं वाक्य ठळक करून ठेवा कुणीतरी.

खिडकीपाशी

शेवटचा_डबा, मनापासून आभार. आमच्या चौघांत दोघी आहोत, तरीही "समोरच्याला शोधा" हा नियम मीच लिहिला होता. घरी बसून लिहिताना तो मजेशीर वाटला होता. तुमच्या अटी जशाच्या तशा वहीत उतरवल्या आहेत.

कासवगती

थोडं मागे जातो. समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी शंभरहून जास्त वर्षांपूर्वी एक साधी गोष्ट नोंदवली होती. बस, रेल्वे आणि ट्राम येण्याआधी माणसांवर मिनिटंच्या मिनिटं, तासन्‌तास एकमेकांसमोर बसून एक शब्द न बोलण्याची वेळच आली नव्हती. म्हणजे ही अवस्था माणसाला तशी नवीच आहे. तिच्यातून वाट काढायला आपण जे शिकलो त्याला समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये नाव दिलं. मराठीत त्याला सभ्य दुर्लक्ष म्हणता येईल. एकदा बघायचं, तुम्ही आहात हे मला दिसलं एवढं कळवायचं, आणि नजर काढून घ्यायची. हा तुसडेपणा नाही, हे एकमेकांना जागा देणं आहे. खेळ करणाऱ्याने आधी या सवयीचा मान ठेवावा असं मला वाटतं.

आता खिडकीपाशी यांच्या "तेच चेहरे"बद्दल. मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रम यांनी १९७२ मध्ये यावर लिहिलं आणि अशा माणसांना ओळखीचे अनोळखी म्हटलं. त्यांच्या विद्यार्थ्यांनी स्टेशनवर गाडीची वाट बघणाऱ्यांचे फोटो काढले आणि पुढच्या आठवड्यात ते त्याच प्रवाशांना दाखवले. प्रत्येकाला सरासरी चार चेहरे असे सापडले जे ओळखीचे होते, पण ज्यांच्याशी कधी बोलणं झालं नव्हतं. मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग: हेच दोघे नेहमीच्या जागेपासून लांब, परक्या शहरात भेटले तर एकदम जुने मित्र असल्यासारखे बोलतात. काही अचानक घडलं तरी बोलतात. मग तुमच्या खेळाला बोला असं सांगायची गरजच काय? रोजच्या प्रवासात एक छोटं "अचानक" पेरलं तरी पुष्कळ.

जुनी_घडी

कासवगतींचा "अचानक" वाचून एक आठवलं.

दोन स्टेशनांच्या मध्ये आमची गाडी बंद पडली होती. पंखे बंद, दिवे मिणमिणते, बाहेर धो धो पाऊस. पहिली दहा मिनिटं सगळे फोनमध्ये, मग रेंज गेली. खिडकीशी एक आजी बसल्या होत्या. वाफेने काच धुरकट झाली होती, त्यावर त्यांनी बोटाने ७.५२ लिहिलं आणि शेजारच्या कॉलेजच्या मुलाला म्हणाल्या, "मी म्हणते सात बावन्नला सुटेल. तू काय म्हणतोस?" त्याने खाली ८.०५ लिहिलं. मग समोरच्या बाईंनी हात लांब करून लिहिलं. उभे असलेले ओरडून आकडे सांगायला लागले आणि तो मुलगा लिहून घ्यायला लागला. काच भरली तशी दुसरी खिडकी घेतली.

गाडी ८.०३ ला हलली. अख्ख्या डब्याने टाळ्या वाजवल्या. जिंकलं कोण ते आता आठवत नाही. काचेवरून आकडे ओघळत होते तेवढं मात्र आठवतं. दुसऱ्या दिवशी त्यातले तिघे-चौघे दिसले, आम्ही फक्त मान हलवली. पण ती मान हलवणं आजवर चालू आहे.

अक्षरवेल

जुनी_घडी, अंगावर काटा आला! आणि बघा, आजींनी कुणालाही स्वतःबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते गाडीबद्दल.

कोडवाला

तांत्रिक बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो.

भुयारात नेटवर्क जातं, गर्दीत ते असूनही चालत नाही. सतत सर्व्हरशी बोलणारा खेळ दोन दिवसांत लोक काढून टाकतील. ब्लूटूथने शेजारचे फोन ओळखता येतात. एरिक पॉलोस आणि एलिझाबेथ गुडमन यांनी २००४ मध्ये मिलग्रम यांच्याच कल्पनेवर तसं उपकरण करून बघितलं होतं, आसपास ओळखीचे अनोळखी किती आहेत याची चाहूल देणारं. नंतर २०११ मध्ये निन्टेन्डो कंपनीच्या थ्रीडीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रात स्ट्रीटपास नावाची सोय आली. यंत्र चालूच ठेवून, नुसतं मिटून पिशवीत टाकलं तरी जवळून जाणाऱ्याच्या यंत्राशी छोटीशी देवाणघेवाण होऊन जायची. ते मला अजूनही आदर्श वाटतं, कारण वेळ न मागता भेट होते. आजच्या फोनवर मात्र मागे चालणाऱ्या ब्लूटूथवर बरीच बंधनं आहेत आणि बॅटरीही खाते.

बाकी नियम तर उघडच आहेत. एक हात दांडीला असतो, म्हणून सगळं एका अंगठ्याने व्हायला हवं. दोन स्टॉपमध्ये दोन-तीन मिनिटं मिळतात, तेवढ्यात एक डाव संपला पाहिजे. आणि अर्ध्यात सोडून उतरलं तर हरल्याची भावना येता कामा नये.

अवांतर: हातात मावणाऱ्या खेळांची गोष्टच मुळी ट्रेनमध्ये सुरू होते. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी शिंकानसेनमध्ये, म्हणजे जपानच्या वेगवान ट्रेनमध्ये, एका कंटाळलेल्या माणसाला कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेलं बघितलं. त्यातून सुचलं ते १९८० चं गेम अँड वॉच, खेळही आणि घड्याळही.

दुपारची_सावली

फोनच कशाला पण? स्टॉकहोममध्ये ओडेनप्लान स्टेशनच्या जिन्याला २००९ मध्ये पियानो केला होता, पाऊल टाकलं की सूर वाजायचा. मोहिमेवाल्यांच्या सांगण्यानुसार सरकता जिना सोडून नेहमीपेक्षा ६६ टक्के जास्त लोक त्या जिन्याने गेले. लोक एकमेकांच्या पावलांवर पाऊल टाकून सूर जुळवत होते. नाव नको, फोन नको.

कासवगती

जिना सुंदर होता, पण ती एका मोटार कंपनीची जाहिरात मोहीम होती. नवलाई चार दिवस टिकते. रोज त्याच जिन्याने कामाला जाणाऱ्याचं चाळिसाव्या दिवशी काय होईल, हा आपला प्रश्न आहे.

टिकणारं उदाहरण हवं असेल तर लंडनच्या भुयारी रेल्वेचं घ्या. तिला १५० वर्षं झाली तेव्हा, २०१३ मध्ये, चित्रकार-शिल्पकार मार्क वॉलिंगर यांनी सगळ्या २७० स्टेशनांसाठी २७० वेगवेगळे चक्रव्यूह केले. काळ्यापांढऱ्या पाट्या, आत शिरायच्या जागी छोटी लाल फुली. उभ्या उभ्या बोटाने वाट काढायची. त्यात गुण नाहीत की बक्षीस नाही. ज्याला दिसला त्याने बोट फिरवावं, नाहीतर ती भिंतीवरची एक पाटी.

मधली_सुट्टी

बक्षीस नाही म्हणता, पण बक्षिसाशिवाय लोक येतील? सिंगापूरमध्ये २०१२ पासून गर्दीची वेळ टाळून प्रवास करणाऱ्यांना गुण देत होते, गुण देऊन नशीब आजमावायचा छोटा खेळही होता. मॉस्कोमध्ये २०१३ साली एका मेट्रो स्टेशनवर ३० उठाबशा काढल्या की तिकीट फुकट मिळत होतं. लोकांनी आनंदाने काढल्या.

अक्षरवेल

त्या सिंगापूरच्या योजनेचा हेतू गर्दी पांगवण्याचा होता, तिथे बक्षीस योग्यच. खेळण्याची गोडी लावायची असेल तर मला भीती वाटते. १९७३ मधला लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा लहान मुलांवरचा प्रयोग आठवा. ज्या मुलांना चित्रं काढायला आवडायचं त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं की काढलंत तर बक्षीस मिळेल. नंतर मोकळ्या वेळात त्याच मुलांनी चित्रं कमी काढली. बक्षीस थांबलं की तुमचा खेळही थांबेल.

तिरकी_टोपी

गर्दीच्या ट्रेनमध्ये एक खेळ आधीपासूनच चालू आहे हो! पुढच्या स्टेशनला कोण उठणार? पिशवी आवरली, चष्मा डबीत गेला, मान वर करून पाटी बघितली, की आपण हळूच त्या सीटपाशी सरकायचं. मी यातला जुना खेळाडू आहे. परवा एक काका चष्मा डबीत ठेवून, पिशवी मांडीवर घेऊन, मग डोळे मिटून शेवटच्या स्टेशनपर्यंत झोपले!

रुळावरचा

ते काका मीच असेन.

शेवटचा_डबा

खूप हसले. तिरकी_टोपी, हा खेळ डोळ्यांतच राहू दे, त्याचं ॲप कुणी करू नका. माणसांवर अंदाज बांधायचे खेळ मनातल्या मनात निरुपद्रवी असतात, स्क्रीनवर आले की त्यांची पाळत बनते.

गिअरबदल

मी बस चालवतो, बरीच वर्षं. धागा वाचून आनंद झाला, पण चार गोष्टी सांगायलाच हव्यात. एकदम ओरडा झाला की आम्हाला वाटतं कुणी पडलं, पाय आपोआप ब्रेकवर जातो. म्हणून टाळ्या-आरोळ्यांचा खेळ चालत्या बसमध्ये नको. जुनी_घडी यांची गाडी थांबलेली होती, ती गोष्ट वेगळी. संकटकाळी उघडायच्या खिडकीवर, दारावर, सूचनांच्या पाट्यांवर काहीही चिकटवायचं नाही. चिकटवलेलं पुन्हा काढताना सफाईवाल्यांचे हाल होतात, त्या सीटवरच्या कोडांचंही तेच झालं असणार. आणि कुणी खेळाच्या नादात स्टॉप चुकला तर तो खेळावर नाही, माझ्यावर चिडतो.

पण करा. सकाळी शंभर माणसं माझ्या मागे बसलेली असतात आणि आरशात एकही चेहरा वर बघताना दिसत नाही. मला ते बरं वाटत नाही.

ठिपका

मी डोळ्यांनी बघू शकत नाही, स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरून इथे लिहितोय. एक कान नेहमी स्टॉपच्या घोषणेकडे असतो, तो मी खेळाला देऊ शकत नाही. नजरानजर, खिडकीबाहेरचे रंग मोजणं, फोन समोर धरणं, हे सगळे खेळ मला बाहेर ठेवतात. कासवगतींच्या चक्रव्यूहाची ती रेघ उठावदार केली तर मीही बोट फिरवेन. हाताला लागेल असं काहीतरी करा. बसमध्ये माझा हात नाहीतरी काहीतरी चाचपडतच असतो, दांडी, सीटची पाठ, बटण. तिथेच खेळ ठेवा.

कोडवाला

ठिपका, हे आम्हा कुणालाच सुचलं नाही याचं वाईट वाटलं. एक उदाहरण देतो. जर्मनीतल्या हिल्डेसहाइम शहरात २०१४ मध्ये रस्ता ओलांडायच्या सिग्नलच्या खांबावर, बटणाच्या जागी, छोटी टचस्क्रीन लावली होती. लाल दिवा असेपर्यंत रस्त्याच्या या बाजूचा माणूस त्या बाजूच्या अनोळखी माणसाशी पाँग, म्हणजे चेंडू इकडून तिकडे टोलवायचा जुना व्हिडिओ गेम, खेळायचा. हिरवा झाला की खेळ संपला, दोघे एकमेकांना ओलांडून आपापल्या वाटेने. मध्ये अख्खा रस्ता असल्याने सुरक्षित अंतर राहतं, खेळ आपोआप संपतो आणि पुढे ओळख ठेवायचं बंधनही नाही. शेवटचा_डबा यांच्या बहुतेक अटी यात बसतात. फक्त ती काच स्पर्शाला गुळगुळीत आहे, तिथे ठिपका म्हणतात तसं उठावाचं काहीतरी हवं.

खिडकीपाशी

तीन आठवडे गायब होते, कारण तुम्ही सगळ्यांनी मिळून आमचं ॲप मोडीत काढलंत आणि आम्ही नवीन काहीतरी बनवत बसलो होतो.

लहान मुलांना मोजायला शिकवायची मण्यांची पाटी असते ना, तारेत ओवलेल्या मण्यांची? तशी हातभर रुंदीची केली. दोन तारा, प्रत्येकीवर वीस लाकडी मणी. वरच्या तारेचे मणी गोल, खालच्या तारेचे चौकोनी, म्हणजे बोटांना कळतात. वर एक प्रश्न लिहायचा, शेजारी तोच ब्रेलमध्ये. पहिला प्रश्न होता: "आज पुलाअलीकडचा सिग्नल आपल्याला थांबवणार की सोडणार?" थांबवणार वाटलं तर गोल मणी सरकवा, सोडणार वाटलं तर चौकोनी. कोणी सरकवला ते कळत नाही, आणि हात सहज लागला की मुद्दाम लावला तेही कळत नाही.

ओळखीच्या एका खासगी बसच्या मालकांनी पाटी लावू दिली. पहिल्या फेरीत दोन शाळकरी मुलं सोडली तर कुणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी एका बाईंनी फोनवर बोलता बोलता, प्रश्न न वाचताच, तीन मणी सरकवले. पाचव्या दिवशी सिग्नल जवळ आला आणि पाटीजवळचे सहा-सात जण एकदम वर बघायला लागले. फोन हातात तसेच. दिवा पिवळा झाला, बस थांबली, आणि एक जाडजूड गृहस्थ कुणालाच न उद्देशून म्हणाले, "गोल." पलीकडून कुणीतरी हसलं. बास, इतकंच झालं. मला रडू आलं.

आता अडचणी. प्रश्न रोज बदलावा का, आणि कुणी बदलायचा? तोच सिग्नल दहा दिवस चालला, पण अकराव्या दिवशी मणी हललेच नाहीत. शेवटचा_डबा, तुमच्या नजरेतून यात काही धोका दिसतो का?

शेवटचा_डबा

मी मणी सरकवेन. प्रश्न प्रवाशांना लिहू देणार असाल तर आधी तुम्ही वाचा, मगच पाटीवर लावा. माणसांबद्दलचा प्रश्न एकही नको. सिग्नल, पाऊस, ढग, कुत्रं, हे चालेल.

ठिपका

गोल आणि चौकोनी! धन्यवाद. एक सूचना: आधीच्या फेरीचं उत्तर काय निघालं तेही हाताला कळू दे. बाजूला एक खुंटी ठेवा, वर किंवा खाली खोचायची.

जुनी_घडी

प्रश्न आठवड्याने बदला. रोज नवा आला तर ओळख होत नाही. रोज त्याच सिग्नलवर पैज लावण्यात जी गंमत आहे ती दहा दिवसांची आहे हे तुम्हालाच दिसलं की.

रुळावरचा

उतरताना एक मणी सरकवता येईल. झोपही मोडणार नाही. मला मान्य.

गिअरबदल

पाटी कुठे लावली आहे? मागच्या दाराजवळ असेल तर काढा, चढउताराला अडेल. ड्रायव्हरच्या मागच्या पार्टिशनवर, ज्येष्ठांच्या जागांसमोर लावा, बसलेल्याच्या खांद्याच्या उंचीला. डोक्याच्या उंचीला नको, ब्रेक लागला तर कपाळ आपटेल. कोपरे गोल करा आणि तारेची टोकं आत वळवा. मणी खडखडतात का? खडखडत असतील तर पाटीला आतून फेल्ट लावा.

सिग्नलच्या प्रश्नाचं एक सांगायचं राहिलं. तो सिग्नल आपल्याला सोडणार की थांबवणार, हे माझ्या वेगावरही असतं. पाठीमागे माणसं पैज लावून बसलीत हे कळलं तर एखादा नवखा ड्रायव्हर दामटेल. असा प्रश्न घ्या जो गाडीवर अवलंबून नाही.

खिडकीपाशी

गिअरबदल काका, हे ऐकून पोटात गोळा आला. आज संध्याकाळीच सिग्नलचा प्रश्न काढते. सोमवारपासून ढगांचा लावतो: पुलावर पोचू तेव्हा सूर्य दिसेल की नाही? ठिपका यांनी सांगितलेली खुंटीही तोवर बसवून होईल. पार्टिशनवर भोक पाडायची परवानगी मिळणार नाही बहुतेक. चिकटवल्याशिवाय पाटी पक्की कशी बसवायची, कुणाला काही सुचतंय का?

गिअरबदल

पार्टिशनला वरून आडवी नळी असते. तिला रबरी पट्टी घातलेले दोन क्लॅम्प लावा, खाली एक पट्टा. फोटो टाका, बघून सांगतो.